पाच थरांची मालकी

खेड्यातील औषधाच्या दुकानात जी वस्तू आजही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, नजर चुकवून गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाते, त्या वस्तूविषयी अमेरिकेतील न्यायालयांत गेली कित्येक दशके भर दिवसा, नामवंत वकिलांकडून, बोटाबोटाच्या मापाने युक्तिवाद होत आले आहेत. सॅनिटरी नॅपकिन ही ती वस्तू, आणि तान्ह्या मुलांचा डायपर हे तिचे भावंड. डिंकाची पट्टी मधोमध असावी की दोन्ही कडांना, मांडीलगतची झालर कशी उभी राहावी, आतील थरांची मांडणी प्रथम कोणी योजली, असे हे वाद. वरवर पाहता ते क्षुल्लक, किंबहुना हास्यास्पद वाटतील. परंतु अशाच एका वादात सतरा कोटी डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई ठरली आणि एक मोठा कारखानदार दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. ज्या वादात एवढी रक्कम गुंतलेली असते, तो क्षुल्लक असत नाही.

वाशिमसारख्या जिल्ह्याला या वादांशी काय कर्तव्य, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, मुख्यतः कोरडवाहू शेतीचा हा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या, म्हणजे 'आकांक्षित' जिल्ह्यांची जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि वाशिम त्यांपैकी एक होता. येथे कापूस पिकतो. येथील मुली शाळेत जातात आणि पाळीच्या दिवसांत त्यांतील काही घरी राहतात. कापूस जिल्ह्याबाहेर जातो आणि नॅपकिनचे पाकीट बाहेरून जिल्ह्यात येते. या दोहोंच्या मध्ये जे ज्ञान आहे, ते कोणाच्या मालकीचे, किती काळ मालकीचे, आणि मालकी संपल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच वाशिमचाही आहे.

थरांचे शास्त्र

आधुनिक नॅपकिन उकलून पाहिल्यास त्यात सामान्यतः पाच थर आढळतात. अंगाला लागणारा पहिला थर विणकाम न करता तयार केलेल्या कृत्रिम तंतूंच्या कापडाचा किंवा बारीक छिद्रांच्या प्लॅस्टिकचा असतो. त्याच्याखाली ओल चटकन खेचून सर्वत्र पसरवणारा दुसरा थर. तिसरा थर हा या वस्तूचा गाभा. त्यात लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणाऱ्या रासायनिक पदार्थाचे कण असतात. चौथा थर ओल बाहेर जाऊ न देणारा, प्लॅस्टिकचा. पाचवा म्हणजे कपड्याला चिकटणारा डिंक आणि त्यावरील सोलून काढावयाचा कागद.

यांतील कोणताही थर एकटा घेतला तर त्यात नवल काही नाही. नवल आहे ते त्यांच्या परस्परसंबंधात. वरच्या प्लॅस्टिकमधील छिद्रे नरसाळ्यासारखी निमुळती केली, आणि त्यांची अरुंद टोके शोषक गाभ्याला भिडतील अशी योजना केली, तर द्रव खाली जातो, पण दाब पडला तरी सहजासहजी वर येत नाही. अंगालगतचा पृष्ठभाग कोरडा राहतो. या कल्पनेचे पेटंट प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला अमेरिकेत १९७५ मध्ये मिळाले. 'कोरडेपणा' या एका शब्दावर पुढे जगभर ज्या जाहिराती झाल्या, त्यांच्या मुळाशी ही निमुळती छिद्रे आहेत.

गाभ्यातील पाणी धरणाऱ्या कणांचा इतिहास तर याहून बोधप्रद आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी मक्याच्या स्टार्चपासून एक पदार्थ तयार करण्यात आला. तो आपल्या वजनाच्या कित्येक शेकडो पट शुद्ध पाणी शोषून घेई. कोरडवाहू जमिनीत ओल टिकवून धरणे हा त्याच्या अपेक्षित उपयोगांपैकी एक होता. सरकारी प्रयोगशाळेने त्याचे परवाने एकाहून अधिक कंपन्यांना दिले. जपानी उद्योगाने १९७८च्या सुमारास अशा पदार्थांचा उपयोग नॅपकिनमध्ये सुरू केला. पुढे स्टार्चची जागा अॅक्रिलिक रसायनांनी घेतली आणि नॅपकिन व डायपर दोन्ही पातळ झाले. शेतासाठी झालेले संशोधन अशा रीतीने शेताला बगल देऊन घराघरांतील कपाटात जाऊन बसले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा हायड्रोजेल' या नावाने याच जातीचा पदार्थ शेतीसाठी तयार केला, तो कित्येक वर्षांनंतर.

पेटंट नावाचा करार

पेटंट, ज्याला शासकीय परिभाषेत 'एकस्व' म्हणतात, ही राजाची मेहेरबानी नव्हे आणि चोराला घातलेला लगामही नव्हे. तो समाजाने संशोधकाशी केलेला करार आहे. संशोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता आकृत्यांसह, अशा स्पष्ट शब्दांत लिहून द्यावयाची की त्या विषयातील सामान्य कारागिराला ती वाचून वस्तू तयार करता यावी. त्याच्या मोबदल्यात समाज त्याला ठराविक मुदतीपर्यंत त्या युक्तीची मक्तेदारी देतो. आज ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची होते.

या कराराच्या पूर्वार्धाची चर्चा फार होते. मक्तेदारी किती असावी, औषधे किती महाग व्हावीत, परकीय कंपन्यांना किती मोकळीक असावी, यांवर परिषदा भरतात. उत्तरार्धाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. लिहून दिलेले ज्ञान वाचले कोणी? मुदत संपल्यानंतर ते उचलले कोणी? घर भाड्याने दिलेल्या मालकाने भाडेपट्टी संपल्यावर घराचा ताबाच घेऊ नये, तशातला हा प्रकार आहे. नॅपकिनच्या थरांवरून झालेले खटले या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत.

तीन खटले

पहिला खटला किंबर्ली-क्लार्क विरुद्ध जॉन्सन अँड जॉन्सन असा, १९८४ मधला. नॅपकिनच्या पाठीवरील डिंकाच्या पट्ट्या कशा असाव्यात म्हणजे तो चुरगळून गोळा होणार नाही, हा त्याचा विषय. खालच्या न्यायालयाने किंबर्ली-क्लार्कचे पेटंट अवैध ठरवले होते. एवढेच नव्हे, ते लबाडीने मिळवल्याचा ठपकाही ठेवला होता. अपील न्यायालयाने हे दोन्ही निष्कर्ष फिरवले. परंतु जॉन्सन अँड जॉन्सनचा माल त्या पेटंटच्या शब्दांच्या कक्षेत येत नाही, हा निर्णय मात्र कायम ठेवला. म्हणजे पेटंट तगले आणि प्रतिस्पर्धीही सुटला. पेटंटची भिंत शब्दांची असते. ज्याला ते शब्द वाचता येतात त्याला त्या भिंतीतील दारही सापडते, असा याचा अर्थ.

दुसरा खटला १९९२ मधला, किंबर्ली-क्लार्क आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांच्यातील. डायपरच्या आतील बाजूस मांडीलगत उभी राहणारी, शेताच्या बांधासारखी ओल अडवणारी लवचीक झालर प्रथम कोणाची, हा प्रश्न होता. त्या वेळी अमेरिकेत जो प्रथम शोध लावील त्याचा हक्क मानला जाई. प्रथम अर्ज करील त्याचा, असा नियम तेथे २०१३ मध्ये आला. आपली तारीख मागे नेता यावी म्हणून प्रॉक्टर अँड गॅम्बलने असा पवित्रा घेतला, की आपल्या तीन नोकरांनी वेगवेगळ्या काळी केलेले काम हा मिळून एकच संयुक्त शोध मानावा. न्यायालयाने तो अमान्य केला. एकमेकांच्या कामाची वार्ताही नसलेली माणसे संयुक्त संशोधक होऊ शकत नाहीत; संयुक्तपणाला काहीतरी एकत्र प्रयत्न लागतो, असे न्यायालयाने म्हटले. या निकालातील कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती डोळ्यांत भरते. जगातील एका बलाढ्य कंपनीत, एकाच छपराखाली, आधीच्या माणसाचे काम नंतरच्या माणसाला ठाऊक नव्हते. ज्ञान कपाटात होते. कपाट कोणी उघडले नव्हते.

तिसरा खटला सर्वांत परिणामकारक. किंबर्ली-क्लार्क आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल या दोन धनाढ्यांनी पुढे आपसांत तडजोड केली. मग पाळी आली तिसऱ्याची. पॅरागॉन ट्रेड ब्रँड्स ही कंपनी मोठमोठ्या दुकानांसाठी त्यांच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे स्वस्त डायपर तयार करीत असे. १९९४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने तिच्यावर दावा लावला. ३० डिसेंबर १९९७ रोजी डेलावेअर येथील न्यायालयाने पॅरागॉनच्या विरुद्ध निकाल दिला. नुकसानभरपाईचा आकडा सुमारे १७.८ कोटी डॉलरांचा. जानेवारी १९९८ च्या पहिल्या पंधरवड्यातच पॅरागॉनने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. दोन मोठ्या कंपन्या भांडतात तेव्हा दोघींच्या हाती पेटंटांची शस्त्रे असतात. म्हणून भांडण तहाने मिटते. ज्याच्या हाती असे शस्त्र नाही त्याला तह करता येत नाही, त्याला दंड भरावा लागतो. बाजारात नव्याने येणाऱ्या छोट्या उत्पादकाला भांडवल आणि यंत्रे यांच्याइतकीच तिसऱ्या एका गोष्टीची गरज असते: कोणती वाट मोकळी आहे आणि कोणती कुंपणाची, याच्या माहितीची.

मिर्झापूरची भांडी आणि कलम तीन

भारतीय कायद्याने याच प्रश्नाला आपल्या परीने उत्तर शोधले आहे. १९११ चा ब्रिटिशकालीन कायदा बदलण्यासाठी न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. भारतातील बहुतांश पेटंटे परकीयांच्या हाती आहेत आणि त्यांतील फारच थोड्यांवर येथे प्रत्यक्ष उत्पादन होते, हे त्या अहवालाने निदर्शनास आणले. त्यातून १९७० चा पेटंट कायदा निर्माण झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधे, अन्न आणि रासायनिक पदार्थ यांच्या बाबतीत वस्तूचे पेटंट त्याने नाकारले आणि केवळ प्रक्रियेचे पेटंट ठेवले. नॅपकिन ही वस्तू त्या बंदीत नव्हती. पण त्यातील पाणी धरणारे रासायनिक कण होते. म्हणजे पाच थरांच्या मांडणीवर भारतात पेटंट मिळू शकत होते, पण गाभ्यातील रसायनावर, ते रसायन म्हणून, १ जानेवारी २००५ पर्यंत मिळत नव्हते. त्या तेहतीस वर्षांत या मोकळिकीचा लाभ औषधनिर्मात्यांनी घेतला आणि भारतीय औषध उद्योग जगात नावारूपाला आला. औषधनिर्मात्यांनी पेटंटे वाचली होती.

याच कायद्यातील कलम तीनचे एक पोटकलम थरांच्या वादाला थेट लागू पडते. परिचित साधनांची केवळ मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, जीत प्रत्येक साधन इतरांपासून स्वतंत्रपणे आणि ठाऊक असलेल्या रीतीनेच काम करते, ती शोध ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. नॅपकिनमध्ये दोन थरांऐवजी तीन घातले आणि प्रत्येक थर आपापले जुनेच काम करीत राहिला, तर ती केवळ मांडणी होय. परंतु छिद्रांचा निमुळतेपणा आणि गाभ्याचा स्पर्श यांच्या मिलाफातून एकट्याला न साधणारा परिणाम साधत असेल, तर तो शोध होऊ शकतो. रेषा सूक्ष्म आहे, पण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ही रेषा एका साध्या उदाहरणावरून दाखवून दिली. मिर्झापूरच्या भांडी तयार करणाऱ्या दोन व्यावसायिकांत वाद होता. लेथवर भांडे पकडून धरण्याच्या साधनात एकाने सुधारणा केली होती आणि तिचे पेटंट घेतले होते. जुन्याच साधनाला केलेली अशी भर ही कारखान्यातील नित्याची सुधारणा आहे, शोध नव्हे, असे ठरवून न्यायालयाने ते पेटंट रद्द होण्याचा मार्ग मोकळा केला. पितळी भांड्यांच्या त्या खटल्याचा आधार आजही मोठमोठ्या पेटंटांच्या वादांत घेतला जातो.

अर्थात रेषा पुस्तकात असून भागत नाही. ती ओलांडली जात असताना कोणीतरी हाक मारावी लागते. कायद्याने तीही सोय केली आहे. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मिळण्यापूर्वी त्याला कोणतीही व्यक्ती लेखी विरोध करू शकते. तिचा त्यात धंदेवाईक संबंध असलाच पाहिजे असे नाही. पूर्वी या विरोधाला शुल्क नव्हते. २०२४ च्या नियमांनी ते लावले. औषधांच्या बाबतीत रुग्णांच्या संघटनांनी हे हत्यार वापरले आहे. बचत गटांच्या बाजूने ते कोणी उचलावे, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही.

कापूस जातो, पाकीट येते

विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ती पुढे ओळखली गेली. ती कारंज्यावरून जाई. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तेथून मँचेस्टरपर्यंत पोहोचावा, हा तिचा हेतू. गाडी आता बंद पडली, कपाशीच्या कितीतरी शेतांत सोयाबीन आले. परंतु कच्चा माल द्यावा आणि तयार माल घ्यावा हा रिवाज बदलला नाही.

येथे भावनेच्या भरात एक चूक होण्याचा संभव आहे. कापूस येथे, मुली येथे; तेव्हा कापसाचे नॅपकिन येथेच करावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नॅपकिनचा गाभा बहुधा कापसाचा नसतो. तो पाइन वृक्षाच्या लाकडाच्या लगद्याचा असतो आणि हा लगदा भारतात बव्हंशी आयात होतो. बोंडातून काढलेला कापूस तर पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्या तंतूवर मेणाचे आवरण असते. कॉस्टिक सोड्यात उकळून आणि विरंजन करून ते काढावे लागते. मगच तो दवाखान्यातील शोषक कापूस होतो आणि पाण्यात टाकताच दहा सेकंदांच्या आत बुडतो. तरीही दाब पडला की कापूस धरलेले पाणी सोडतो. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगानंदम यांनी नेमका हाच अनुभव घेतला. आरंभी त्यांनी कापसाचे नॅपकिन करून पाहिले आणि ते फसले. कंपन्यांच्या नॅपकिनमध्ये कापूस नसून लाकडातील सेल्युलोज आहे, हे त्यांना कळायला बराच काळ गेला. ही माहिती त्या वेळीही पेटंटांच्या कागदपत्रांतून छापलेली होती. कोइमतूरच्या एका कारागिरापर्यंत ती पोहोचण्याची वाट मात्र नव्हती.

मुरुगानंदम यांनी पुढे जे केले ते तितकेच महत्त्वाचे आहे. लगदा मोकळा करणे, दाबणे, शिवण घालणे आणि निर्जंतुक करणे अशी सोपी कामे करणारे स्वस्त यंत्र त्यांनी तयार केले, त्याचे पेटंट घेतले आणि ते मोठ्या कंपन्यांना न विकता प्रामुख्याने स्त्रियांच्या बचत गटांना दिले. पेटंट हे कुंपणच. पण कुंपणाचे दार कोणासाठी उघडायचे हे कुंपण घालणाऱ्याच्या हाती असते, हे त्यांनी दाखवून दिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत मिळावे, हा तिचा गाभा. हेतू निःसंशय चांगला होता. 'बाजूला बसणे' आणि 'कावळा शिवणे' या शब्दांच्या आड दडलेला विषय सरकारी परिपत्रकात आला, हीच मोठी गोष्ट. परंतु योजनेची घडण पाहता बचत गटांच्या वाट्याला आली ती मागणी नोंदवण्याची आणि विक्रीची भूमिका. माल पुरवणार होते पुरवठादार. केंद्र सरकारच्या जनऔषधी केंद्रांतून २०१९ पासून एक रुपयाला एक नॅपकिन मिळू लागला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींच्या पाळीच्या आरोग्याविषयी देशभर एकसारखे धोरण ठरवण्यास केंद्राला सांगितले. या सर्वांत मुलगी ग्राहक म्हणून दिसते, तिची आई विक्रेती म्हणून दिसते. करणारी म्हणून त्यांतील कोणीच दिसत नाही.

नागपूरचे कपाट

समजा, मानोरा किंवा मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या बचत गटाने ठरवले, की नॅपकिन विकण्याऐवजी तयार करावयाचे. यंत्रासाठी कर्ज मिळेल, जागाही मिळेल. मग प्रश्न येतील. निमुळत्या छिद्रांचा पृष्ठभाग वापरावा का? वापरला तर कोणी नोटीस पाठवील का? नोटीस आलीच तर ती खरी की धाक दाखवणारी, हे कोण सांगणार?

या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत. अमेरिकेत १९७५ मध्ये दिलेले निमुळत्या छिद्रांचे पेटंट तेथील तत्कालीन १७ वर्षांच्या मुदतीप्रमाणे १९९२ मध्येच संपले. ज्या झालरीने पॅरागॉनला दिवाळखोरीपर्यंत नेले, तिची १९८०च्या दशकातील पेटंटेही केव्हाच कालबाह्य झाली. शिवाय पेटंट ज्या देशात घेतले त्याच देशात चालते. भारतात अर्जच केला नसेल, तर परदेशातील पेटंट येथे कोणाला अडवू शकत नाही. मूळच्या साध्या पाच थरांची वाट आज मोकळी आहे. कुंपण असेल तर ते अलीकडच्या सुधारणांभोवती, आणि ते कोठे आहे हे सरकारी नोंदीत पाहता येते.

ती नोंद पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. जगभरातील पेटंटांची कागदपत्रे गोळा करून त्यांतील तांत्रिक माहिती उद्योजकांना व संशोधकांना पुरवावी, या उद्देशाने केंद्र सरकारने १९७५ मध्ये 'पेटंट इन्फर्मेशन सिस्टिम' ही संस्था स्थापली, ती दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे, तर नागपुरात. पुढे याच शहरात बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. वाशिम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाल्यापासून नागपूर काही तासांवर आले आहे. पेटंट कार्यालयाची नोंद तर संगणकावर विनामूल्य शोधता येते. तेव्हा अडचण अंतराची नाही आणि पैशाचीही नाही.

अडचण भाषेची आहे, आणि सवयीची आहे. कायद्याप्रमाणे पेटंटची कागदपत्रे इंग्रजी किंवा हिंदीत असतात. व्यवहारात ती बहुतेक इंग्रजीतच असतात, आणि तीही वकिली इंग्रजीत. ज्या सामान्य कारागिराला वाचून वस्तू करता यावी म्हणून ती लिहिलेली असतात, तो कारागीर मराठी बोलतो. कराराचा दस्तऐवज एका पक्षाला वाचताच येत नसेल, तर त्या करारातील त्याचा वाटा कागदावरच राहणार.

काय करता येईल

यावर उपाय म्हणून नवा कायदा नको, नवे महामंडळही नको. मुदत संपलेल्या पेटंटांपैकी जिल्ह्यांच्या गरजांना उपयोगी अशी निवडून त्यांची सोप्या मराठीत सारे प्रसिद्ध करणे हे काम नागपूरची संस्था आणि अमरावतीचे विद्यापीठ मिळून करू शकतात. वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. विज्ञान शाखेच्या आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी जे प्रकल्प करावे लागतात, त्यांतील काही तरी एखादे कालबाह्य पेटंट वाचून त्याप्रमाणे वस्तू करून पाहण्याचे असावेत. त्यातून पदवीबरोबर एक विद्याही पदरात पडेल. बचत गटांवर परिणाम करणारा एखादा अर्ज केवळ जुन्या थरांची फेरमांडणी असेल, तर त्याला विरोध नोंदवण्याचे काम आणि त्याचे शुल्क राज्य शासनाने आपल्याकडे घ्यावे. आणि शासन जेव्हा शाळांसाठी नॅपकिन खरेदी करील, तेव्हा त्यातील ठराविक वाटा जिल्ह्यात तयार झालेल्या मालासाठी राखून ठेवावा.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांपुढे आणि किमतींपुढे बचत गट टिकणार नाहीत. हे बऱ्याच अंशी खरे आहे. एका मिनिटाला शेकडो नॅपकिन काढणाऱ्या यंत्राशी हाताने चालणाऱ्या यंत्राची बरोबरी होणार नाही. म्हणूनच खुल्या बाजारात नव्हे, तर सरकारी खरेदीत त्यांना जागा हवी, आणि तीही मालाच्या दर्जाशी तडजोड न करता. नॅपकिनसाठी भारतीय मानक आहे. २०१९ मध्ये ते नव्याने ठरले. त्या कसोटीला जो माल उतरत नाही तो बचत गटाचा असला तरी मुलीच्या हाती पडता कामा नये. गळणारा स्वदेशी नॅपकिन कोणाचीही अब्रू राखत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कंपन्यांनी संशोधनावर खर्च केला म्हणून ही वस्तू सुधारली. आता त्यांच्या कष्टांवर इतरांनी घर बांधावे काय? याचे उत्तर मूळ करारातच आहे. खर्चाचा मोबदला मुदतीच्या मक्तेदारीने चुकता झाला. निमुळत्या छिद्रांच्या कर्त्यांना ती मिळाली, झालरीच्या कर्त्यांना मिळाली. न्यायालयांनी ती प्रसंगी कठोरपणे राखली. मुदतीनंतर ते ज्ञान घेणे ही चोरी नव्हे, तो ठरलेला हप्ता वसूल करणे आहे. किंबहुना तो वसूल न करणारा समाज मक्तेदारीची किंमत पुरी मोजतो आणि तिचा मोबदला तसाच सोडून देतो.

जपानने पिओरियाचे संशोधन उचलून उद्योग उभा केला. भारतीय औषधनिर्मात्यांनी १९७२ नंतर परदेशी पेटंटे वाचून कारखाने काढले. कोइमतूरच्या कारागिराने तीच वाट एकट्याने, उशिरा आणि अंधारात चाचपडत शोधली. वाशिमच्या मुलींच्या आयांनाही ती शोधता येईल. पण त्यांनी ती अंधारातच शोधावी असा नियम नाही. नागपुरातील कपाट १९७५ पासून तेथे आहे आणि त्याला कुलूप नाही. त्याच्या दाराशी मराठी बोलणारा एक माणूस बसवणे, एवढेच अजून व्हावयाचे राहिले आहे.